खांद्यावरून पाहण्याची परीक्षा

क्लबच्या गाडीच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो तो मान वळत नव्हती म्हणून, असे आमचे जावई पुण्यातल्या प्रत्येक लग्नकार्यात सांगतात. ते त्या गाडीत नव्हते. त्या दिवशी ते म्युनिकला आपल्या ऑफिसात होते. माझी मान तेव्हा वळत होती आणि आजही वळते. मी ती वळवली नाही, ही गोष्ट निराळी. एवढा फरक इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसाला कळावा, अशी माझी अपेक्षा होती.

झाले ते असे. झिंडेलफिंगेन गावातल्या मोटार कारखान्यातली नोकरी संपल्यावर मी जवळच्या विद्यापीठात इतिहास शिकू लागलो. जर्मनीत साठी उलटलेल्या माणसालाही रीतसर विद्यार्थी होता येते. विद्यार्थी झालो म्हणून तिथल्या डोंगर चढणाऱ्या मुलांच्या क्लबाचा सभासद झालो. पहिल्याच सहलीत मला पुढची सीट मिळाली, पाठीला उशी मिळाली, आणि उतरल्यावर माझी सॅक कोणीतरी परस्पर उचलून चालू लागले. मुले सालस होती. दुःख तेच होते. लोणच्याची बरणी जपून न्यावी, तसे मला आल्प्सला नेऊन परत आणण्यात आले. त्या क्लबात ज्याला कोणी उशी देऊ करत नसे असा एकच माणूस होता, तो म्हणजे चालक. मी चालक व्हायचे ठरवले.

त्यासाठी नुसता परवाना पुरत नसे. नऊ जणांची ती गाडी न्यायची, तर क्लबच्या परीक्षकाला शेजारी बसवून गावातून एक फेरी मारून दाखवावी लागे. परीक्षक म्हणजे तत्त्वज्ञान शिकणारी एक मुलगी. तिकडे उजवीकडे वळताना सायकलवाला चाकाखाली येऊ नये म्हणून आरशात पाहिल्यावर पुन्हा खांद्यावरून मागे पाहायचे असते. याला ते शुल्टरब्लिक म्हणतात. पहिल्या वळणावर मी फक्त आरशात पाहिले.

"खांद्यावरून पाहिलं नाहीत," ती म्हणाली.

"आरशात पाहिलं. मोटारींचे आरसे तयार करण्यातच माझी सारी हयात गेली आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग आरशात काय दिसत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार."

तिने गाडी कडेला घ्यायला लावली, उतरली आणि मागे गेली. "मी दिसते का?"

"नाही. त्या अर्थी तुम्ही उजवीकडे, मागच्या दाराजवळ आहात. माणूस लपेल अशी तेवढीच जागा आहे."

"आणि मी घरी गेले असते तर?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे आणि मी ते दिलेही; पण ते पूर्ण होण्यापूर्वीच तिने मला नापास केले होते. वादात मी हरलो, असे जावई म्हणतात. वाद अपुरा राहिला होता.

दुसऱ्या परीक्षेआधी सौभाग्यवतींनी माझा सराव घेतला, हे खरे. मात्र माझ्या मानेला तेल चोळल्याची जी कथा त्याला जोडली जाते, ती साफ खोटी आहे. तेल गुडघ्यांसाठी आणले होते आणि गुडघे तिचे होते. ती आमच्या गाडीत मागे उजव्या अंगाला बसे आणि प्रत्येक उजव्या वळणाआधी विचारी, "अहो, मी आहे का?" मी वळून पाहायचे आणि "आहेस" म्हणायचे. एकदा मी न पाहताच "आहेस" म्हणालो.

"थांबवा गाडी," ती म्हणाली. "मी इथे उतरते. तुम्हाला कधी कळतंय ते बघू."

त्यानंतर मी अंदाजाने उत्तर दिले नाही.

दुसऱ्या परीक्षेत पहिल्याच उजव्या वळणावर मी मान पुरती वळवली आणि तोंडातून "आहेस" निघून गेले. शेजारी बसलेल्या परीक्षक मुलीने विचारले, "हे काय?"

"आमच्याकडची पद्धत आहे. पाहिल्याची पोच द्यावी लागते."

"दर वळणाला?"

"दर वळणाला."

"आल्झो, बरं तर, वाईट नाही," ती म्हणाली, आणि फेरी संपल्यावर तिने मला पास केले. क्लबात चालक कमी होते म्हणून पास केले, ही जावयांची नवी आवृत्ती. चालक पहिल्या वेळीही कमीच होते.

पुढच्याच सहलीला गाडी माझ्या हाती आली. पाटीवर लिहिलेल्या वेगाच्या वर मी काटा जाऊ दिला नाही. तासाभराने मागून एक मुलगा म्हणाला, "या वेगाने आपण पोहोचेपर्यंत तुमची पदवी पूर्ण होईल."

"होऊ द्या. मग तुम्हाला नवा चालक शोधावा लागेल."

"आमची आजी याहून जोरात चालवते."

"तिला विद्यापीठात नाव घालायला सांगा. परीक्षा अवघड आहे, हेही सांगा."

मागे हशा पिकला. दोघे-तिघे आणखी काही बोलणार, तोच पुढे बसलेली ती परीक्षक मुलगी मागे न पाहता म्हणाली, "चालकाशी वाद घालायचा नाही. क्लबचा नियम आहे."

हा नियम आमच्या घरातही लागू करण्याचा प्रयत्न मी तेव्हापासून करतो आहे. जावयांनी तो अजून मान्य केलेला नाही.