मला बाईंनी शिकवलं

कार्टूनमध्ये शाळाभर एक अफवा पसरली होती. शेवटी अस्वलाच्या पिल्लाने खरं काय ते सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"असं काही होत नाही, बाबा," माझी चौथीतली मुलगी म्हणाली. "तुला बाईंनी शिकवलं, असं मी वर्गात सांगितलं. इथे दिल्लीत बाई म्हणजे कामवाली. सगळे हसले."

"मग मॅडम म्हणायचं."

"म्हटलं ना यार! आता म्हणतात, तेरे पापा मॅडम के घर बर्तन माँजते थे."

ते मात्र खरं होतं. बाईंच्या घरी राहून, त्यांची भांडी घासूनच मी पदवीधर झालो. तसं मी तिला अभिमानाने सांगितलं.

तिने टीव्ही बंद केला.

"शनिवारी पेरेंट्स मीटिंगला आईच येईल," ती म्हणाली.