पेटीनं राम राम म्हटलं नाही

नवीन सर्किट हातात आलं की आमचे नानाकाका आधी त्याला राम राम म्हणायला शिकवायचे. सर्किटच्या सिरीयल पोर्टला लॅपटॉपची वायर जोडायची, चार ओळींचा प्रोग्राम चिपमध्ये सोडायचा आणि पडद्यावर 'राम राम नाना' उमटेपर्यंत चहाला हात लावायचा नाही. "ज्याला साधा राम राम येत नाय, त्याला काम काय सांगतो?" असं म्हणताना त्यांची नजर बरेचदा माझ्यावर असायची.

नाना चितेगावच्या एका कारखान्यात सर्किटं तपासायचे. लग्न केलं नाही. हर्सूलला तिघा भावांचं मिळून एक घर. खाली थोरले भाऊकाका, मध्ये आम्ही, वर नाना. नळाला पाणी कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. ते आलं की एकाच घरात तीन चुली आहेत हे सगळ्या गल्लीला कळायचं. एकदा काकू आणि माझी आई व्हॉल्व्हचा दांडा दोन बाजूंनी धरून उभ्या राहिल्या, तेव्हा नानांनी पेटी बनवली. हौदात पाणी पडलं की ती आपली आपण मोटर सुरू करायची आणि तिन्ही टाक्यांना सारखं पाणी सोडायची. लॅपटॉप जोडून बटण दाबलं की तीही आधी पडद्यावर राम राम म्हणायची.

पोर्टचं तोंड, म्हणजे प्रोग्राम आत सोडायची वाट, त्यांनी पेटीबाहेर उघडंच ठेवलं होतं. मी म्हटलं, "नाना, पासवर्ड टाका की." त्या विद्येतला तेवढा एकच शब्द मला येत होता.

"घरातल्या वस्तूला कुलूप लावायचं, तर मग घर कशाला म्हणायचं रं?"

दोन उन्हाळे सुखाचे गेले. मग आमची टाकी अर्धीच भरू लागली. आई जिन्यात उभी राहून, वर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "ज्याच्या हातात कळ, त्याच्या घरी पाणी." वडिलांनी तर तोंडावरच विचारलं, "मशीन तुझं. मग पाणी कुठं जातंय, हे मी शेजाऱ्याला विचारू काय?" नानांची टाकीही अर्धीच होती; पण तिचं झाकण उचलून बघायची तसदी आमच्यापैकी कुणी घेतली नाही.

रविवारी सकाळी नानांनी सगळ्यांना पेटीपाशी बोलावलं. वायर जोडली, बटण दाबलं. पडदा कोराच राहिला. पेटीनं राम राम म्हटलं नाही; खट्ट आवाज झाला आणि भाऊकाकांच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. बाकीच्या दोघांची पाळी येईस्तोवर हौद तळाला गेला.

"हा माझा प्रोग्राम नाय," नाना हळू आवाजात म्हणाले.

भाऊकाकांच्या सचिननं मोबाईलमधून मानही वर केली नाही. "व्हय, मी बदलून घेतला, दुकानातल्या माणसाकडून. आमच्यात माणसं लई, काका. पाणी नको का जास्त?"

"मला सांगायचं ना."

"तुम्ही दिलं असतं?"

"दिलं असतं रं. माझ्या टाकीतलं दिलं असतं."

भाऊकाका मध्ये पडले, "जाऊ दे नाना, पोरगंय. तुझा तू परत टाक, मिटलं!" पोरगं चाळिशीला टेकलेलं होतं. माझे वडील घसा खाकरून पाइपाकडे बघत राहिले. माफीचा शब्द कुणी काढला नाही.

"मशीन मिनिटात सरळ होईल, भाऊ," नाना म्हणाले. "त्याला कुणीतरी शिकवलं, मग ते तसं वागलं. मला चोर ठरवायला मात्र तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाय."

त्यांनी वायर गुंडाळली, स्क्रू काढले आणि पेटी काखेत मारून वर गेले. महिन्याभरात नोकरी सोडली आणि कन्नडला खोली घेऊन मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करत राहिले. दिवाळीलाही आले नाहीत. बोलवायला जायचं, असं दर दिवाळीला आमच्या घरात ठरायचं मात्र.

यंदा नाना तिथंच गेले. दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. सगळे ताटकळत उभे होते, तेव्हा भाऊकाका डोळे पुसत माझ्या कानाशी आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल.

"नानाच्या खोलीत ती पेटी सापडली का रं?" त्यांनी विचारलं. "उद्या पाणी यायचंय."