शॉकपमधलं खोबरेल

आमच्या घरात भाताच्या टोपात गाडीचे भाग उकळायचे. हसू नका, खरंच. रिमोटवर चालणारी, मातीत शर्यत लावायची गाडी होती ती, हातभर लांब. चाकं धरणारे तिचे नायलॉनचे दांडे जुने झाले की काडीसारखे मोडत. पाण्यात उकळले की चिवट होत. आमचे हे कुठनंतरी असं ऐकून आले आणि मला म्हणाले, "टोप दे."

"नि भात कशात शिजवू?"

"भात मागाहून. आधी गाडी."

"पोरांना सांगते, आज दांड्याचं कालवण."

ते हसले. गिरणी बंद पडल्यापासून ते हसले की मला बरं वाटायचं, म्हणून टोप दिला.

हे गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी काय उघडली नाही. आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहायचो, आणि ह्यांना अंधेरीला एका बिल्डिंगवर वॉचमनची नोकरी लागली. फिटर माणूस, दिवसभर स्टुलावर बसून गेट उघडायचा. जेवताना ताटाकडेच बघत राहायचे.

त्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर एक म्हातारे साहेब होते. बोटीवर इंजिनाच्या कामाला होते, रिटायर झालेले. बोटीवर असताना जपानातनं त्यांनी ह्या गाड्या आणलेल्या. आम्ही बघितल्या तेव्हाच त्या जुन्या झाल्या होत्या. दुसरे शौकीन लोक नवीन गाड्या आणत, पण साहेबांना जुनीच हवी. तिचे पार्ट कुठे मिळायचे नाहीत. एकदा ह्यांनी बिल्डिंगीचा पाण्याचा पंप खोलून चालू केला, ते साहेबांनी बघितलं आणि गाडी ह्यांच्या हातात दिली. मग ती गाडी आमच्या घरी यायला लागली. रविवारची शर्यत झाली की मातीने भरलेली यायची आणि साफ होऊन जायची.

आता जे कुणाला माहीत नव्हतं ते सांगते. ह्यांच्या बोटांची टोकं बधिर झालेली. गिरणीत एवढी वर्षं काढली, त्यानेच असेल. पान्हा धरायचे, मोठा स्क्रू पिळायचे, त्यात कुणाला काही कळून यायचं नाही. पण त्या गाडीत तांदळाएवढ्या क्लिपा असत. त्या ह्यांच्या बोटात आहेत की पडल्या, हेच ह्यांना कळायचं नाही. मी घरी गजरे बांधायची, माझ्या बोटांना बारीक कामाची सवय. म्हणून हे सांगायचे आणि मी लावायची. दात घासायच्या जुन्या ब्रशने माती काढायची, गिअरला ग्रीस लावायचं, शॉकपमध्ये तेल भरायचं. शॉकप म्हंजे स्प्रिंगच्या आतली छोटी नळी. तिच्यात तेल असतं, म्हणून गाडी उडी मारून पडली तरी आपटत नाही. चार चाकांना चार.

साहेबांना वाटायचं सगळं हेच करतात. आम्हीही वाटू दिलं.

साहेबांच्या धाकट्या भावाचं मुलुंडला वर्कशॉप होतं. त्याला फिटर पाहिजे होता. साहेब म्हणाले, "रविवारी पवईला शर्यत आहे, भाऊ येतोय. गाडीच बघू दे त्याला. तुझं काम तीच सांगेल." त्या आठवड्यात हे स्टुलावर बसले तरी ताठ बसत असतील, असं मला वाटायचं. घरी आले की पायजम्याची घडी नीट करून ठेवायचे. मुलुंड आमच्यापासून किती जवळ, हेच दोनदा सांगितलं मला.

शनिवारी दुसरा वॉचमन येणार नव्हता, म्हणून ह्यांना रात्रीही तिथेच थांबायचं होतं. ड्युटीवर जाताना म्हणाले, "मागचे दोन शॉकप गळतायत. खोल, पूस, तेल भर. सकाळी तू गाडी घेऊन परस्पर पवईला ये, मी साहेबांबरोबर येतो."

मी संध्याकाळी बसले. दोन्ही खोलले, पुसले. बाटली उपडी केली तर तेल एका शॉकपलाही पुरेना. ते तेल साहेबांकडेच मिळायचं, बाजारात नाही. अंधेरीला जाऊन यावं तर पोरं घरात एकटी. स्टोव्हच्या बाजूला खोबरेलची बाटली होती. बोटावर घेतलं. पातळ, स्वच्छ, त्या तेलासारखंच दिसत होतं. भरलं. दाबून बघितलं, शॉकप मऊ खाली गेला आणि वर आला. मला काय आनंद झाला! म्हटलं, अडलं नाही माझं.

ती बाटली स्टोव्हपाशी का होती? थंडीत खोबरेल गोठतं म्हणून. मीच ठेवली होती. दर थंडीत ठेवायची. पोरींच्या डोक्याला लावायला सकाळी बाटली गरम पाण्यात धरायची, हे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. मला माहीत होतं आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. आजही मी त्याच गोष्टीपाशी येऊन अडते.

पवईला तलावाकडनं वारा येत होता. कानाला झोंबत होता. मैदानात मातीचे उंचवटे केलेले, मध्ये फळ्या. मी लवकर पोचले आणि पिशवी खाली ठेवून बसले. साहेब, त्यांचा भाऊ आणि हे आले. ह्यांनी गाडी हातात घेतली, मागनं दाबली.

"कडक लागते गं."

"थंडी आहे," मी म्हणाले. बघा, तोंडाने म्हणाले आणि तरी कळलं नाही.

तेवढ्यात हाक आली. गाडी लायनीत लावली. सुटली ती बाणासारखी. पहिला उंचवटा आला, बाकीच्या गाड्या उडी मारून अलगद बसल्या, आणि आमची चेंडूसारखी उसळली, आडवी झाली, तोंडावर पडली. पुढचा दांडा तुटून बाजूला उडाला. साहेबांच्या तोंडातनं आवाज निघाला, कुणी आपल्या माणसाला मारल्यासारखा. तो दांडा शेवटचा होता.

भाऊ हसला. "क्या भाई, बैलगाडी लाये क्या?"

ह्यांनी तिथेच मातीत बसून मागचा शॉकप खोलला. आत पांढरं, तुपासारखं. ह्यांनी वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या केसांनाही तेच तेल होतं.

मी तोंड उघडलं. हे त्याआधीच म्हणाले, "साहेब, माझी चूक झाली. तेल संपलं होतं, खोबरेल भरलं."

"तू? तू भरलंस?" साहेबांना पटेना.

"हो साहेब."

"अहो, पण—"

"तू पिशवी आवर." आवाज चढवला नाही. पण मी पिशवी आवरायला लागले.

भाऊ म्हणाला, "थंडीत खोबरेल घालणारा माणूस मी मशीनवर ठेवू? वाट लागेल वर्कशॉपची."

संपलं. घरी येताना बसमध्ये हे खिडकीकडे बसले. मी म्हटलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? बायकोने भरलं म्हणू? मग विचारणार, बायको कशाला भरते."

मला कळलं. बोटांचं बाहेर आलं असतं. चुकलेला फिटर आज ना उद्या काम शोधेल. बोटं गेलेल्या फिटरला दारात कोण उभं करतं?

मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ड्युटीवर जात होते, येत होते, "मीठ दे" म्हणत होते. चार दिवस मी सोसलं. मग ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी, हे घरी झोपले असताना, पोरांना शेजारी ठेवलं आणि अंधेरीला जाऊन साहेबांच्या दारात उभी राहिले. मनात एकच, ह्यांच्या नावावरचा डाग पुसायचा.

म्हटलं, "साहेब, खोबरेल मी भरलं. ह्यांना माहीत पण नव्हतं. भावाला सांगा, ह्यांना ठेवून घ्या."

साहेबांनी मला आत बसवलं. "पण बाई, तू गाडीला हात का लावलास?"

हाच प्रश्न ह्यांनी बसमध्ये मला सांगून ठेवला होता. काहीतरी खोटं सांगता आलं असतं. पण मी खरं सांगायला आलेली बाई, खोटं सुचेना. म्हटलं, "बारीक काम मीच करते साहेब. ह्यांच्या बोटांना कळत नाही."

साहेबांनी खिडकीतनं खाली गेटकडे बघितलं. मग म्हणाले, "तर मशीनवर त्याला नकोच. उद्या हात जाईल मशीनमध्ये. भावाला मी नाही सांगू शकत."

मी उठले. दारात पोचले तेव्हा मागनं म्हणाले, "तू येशील? गाड्या सांभाळायला?"

मी घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. लपवलं नाही. हे भिंतीला टेकून बसले होते. आपली बोटं एकमेकांवर घासत होते. मग म्हणाले, "जा. पोरांची फी भरायचीय."

आणि मी गेले. पुढे कितीक वर्षं जात राहिले. साहेबांनी मोडलेल्या दांड्याच्या जागी पितळेचा बनवून घेतला, गाडी जड झाली पण चालायची. रोज सकाळी मी त्या बिल्डिंगीच्या गेटपाशी यायची आणि आमचे हे स्टुलावरनं उठून मला गेट उघडून द्यायचे. दुसरे वॉचमन म्हणायचे, "काय, मॅडम आल्या तुमच्या!" हे पण हसायचे. मी मान खाली घालून जिने चढायची. मुलुंडची नोकरी गेली ती माझ्या तेलाने, आणि तिची आशा गेली ती माझ्या तोंडाने. शिवाय त्यांच्या हातचं काम माझ्या हातात आलं. आमची पोरं त्यावर शिकली. ह्यात कुणाला दोष द्यायचा म्हटलं तर माझ्याशिवाय कोण आहे?

घरी हे विचारायचे, "आज काय खोललंस?"

मी म्हणायची, "काही नाही, पुसून ठेवल्या." त्या दिवशी पूर्ण गिअरबॉक्स खोलून लावलेला असला तरी. निघायच्या आधी साहेबांच्या मोरीत हात घासून घासून धुवायची, नखांतलं ग्रीस सुईने काढायची. ह्यांना दिसायला नको.

एकदा मी ताट वाढत होते. ह्यांनी माझा हात धरला, उलटा केला, बघितला. साबणाने कातडी लाल झालेली.

म्हणाले, "हात एवढे नको घासूस गं. काळे राहिले तर राहू दे."

आणि जेवायला लागले.