मागचा टायर बसला

सुनंदामावशींच्या गॅरेजमध्ये टायर कधी 'बसायचा' नाही, 'लागायचा'. पहिल्यांदा माझ्या हातून टायर रिममध्ये गेला तेव्हा मी आनंदाने ओरडले, "मावशी, बसला!" त्यांच्या हातातलं साबणाच्या पाण्याचं भांडं कलंडलं. "लागला म्हण गं," त्या हळूच म्हणाल्या. मला वाटलं, पुण्याच्या आहेत, शुद्ध बोलायला शिकवत असतील. मी परभणीकडच्या खेड्यातली, आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. कुणी शब्द सुधारला की मी निमूट सुधारून घ्यायचे.

कॅलिफोर्नियात शिकताना सनीव्हेलमध्ये मी त्यांच्याकडे मागच्या खोलीत राहत होते. त्या चिप डिझाइनच्या नोकरीतून रिटायर झालेल्या, मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरी गावात, नवरा श्रीकांत काही वर्षांपूर्वी अपघातात गेलेला. एवढंच मला ठाऊक होतं. कुणी मराठी विद्यार्थी सायकलवर दारात आला की मावशींची नजर आधी चाकांवर जायची. पातळ टायर दिसला की त्या काढायला लावायच्या आणि जाड, सहसा पंक्चर न होणारे टायर चढवून द्यायच्या.

"मावशी, नेक्स्ट वीकेंडला करू ना, आज असाइनमेंट आहे यार," एक मुलगा एकदा म्हणाला.

"हो का? मग सायकल इथे ठेव आणि असाइनमेंटला चालत जा."

तो मुकाट्याने अस्तन्या सारून बसला.

हे टायर फार घट्ट. शेवटचा वीतभर काठ काही केल्या आत जात नाही, अंगठे सोलवटतात. मावशी म्हणायच्या, "त्याच्याशी भांडू नकोस. पलीकडच्या बाजूने काठ रिमच्या मधल्या खळगीत ढकलत ये, मग इकडे तो आपोआप ढिलाई देतो. माणसासारखंच आहे, इथे अडला तर तिथे समजूत घालायची." पट्टीने उचकटायला त्यांची सक्त मनाई होती, आतली ट्यूब चिमटते म्हणून. माझ्या सायकलचे गियर मागच्या चाकाच्या मधल्या डब्यातच होते. ते चाक काढायचं म्हणजे आधी गियरची तार सोडवा, मग नट, आणि परत जोडताना सगळं जिथल्या तिथे. "हे चाक रस्त्यात काढायची वेळ कुणावर येऊ नये," असं त्या दरवेळी म्हणायच्या. मला ती सवयीने म्हटलेली गोष्ट वाटायची.

एका रविवारी दुपारी आम्ही तेच चाक परत जोडत होतो. तार अडकवताना मी न राहवून विचारलं, "मावशी, 'बसला' म्हटलं तर काय होतं?"

त्यांनी नट पक्का आवळला. मग सांगू लागल्या. श्रीकांत त्या सकाळी असाच नवा टायर मागच्या चाकाला घालत होता. पुढचा गेला, मागचा काही जाईना. शेवटी जुनाच परत घातला, नवा कॅरिअरला बांधला आणि म्हणाला, "ऑफिसात कुणाची तरी मदत घेऊन बसवतो." संध्याकाळी त्याचा मेसेज आला, मागचा टायर बसला.

"मला वाटलं, जमलं एकदाचं," मावशी म्हणाल्या. "मी लिहिलं, 'मस्त! सावकाश ये.' आणि भाजी फोडणीला टाकली."

जुना टायर स्टेशनकडच्या रस्त्यातच, वळणाअलीकडे बसला होता. हवा गेली होती. अंधारून येत असताना तो कडेला वाकून नवा टायर चढवत होता, आणि एका गाडीने त्याला उडवलं.

मावशी म्हणाल्या, "तो नांदेडचा. तू तिकडचीच आहेस. खरं सांग पूजा, तुला असा मेसेज आला असता तर तू काय समजली असतीस?"

त्यांना धीर येईल असं काय उत्तर द्यायला हवं ते मला कळत होतं. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून ते तोंडातून निघेना. मी म्हणाले, "टायर चढवताना म्हटलं तर निराळं. पण वाटेवरून कळवलं टायर बसला, म्हणजे आमच्याकडे हवाच गेली, मावशी."

मला वाटलं, त्या कोसळतील. पण त्या भिंतीला टेकून शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. इतकी वर्षं सगळे मला सांगतात, तुझी काय चूक, त्याने नीट लिहायला हवं होतं. माझी समजूत घालण्यासाठी, गेलेल्या माणसाची चूक काढतात गं. त्याने नीटच लिहिलं होतं."

मी मान हलवली. त्यांनी पंप घेतला, दोनदा दाबला आणि थांबल्या.

"म्हणजे मग तो माझी वाट बघत होता," त्या म्हणाल्या.

पुढे वर्षाच्या आतच मुलाने त्यांना कॅरीला नेलं. फोनवर त्या माझ्या अभ्यासाची चौकशी करतात, टायरची करत नाहीत. मी त्या दुपारी खरं बोलले ते चांगलं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या जाण्याआधीची एक संध्याकाळ त्याच्या आड येते. कॅलट्रेनच्या स्टेशनवरून मी सायकलने घरी येत होते. त्याच वळणाच्या थोडं अलीकडे, कडेला मावशींची गाडी उभी दिसली. दिवे लुकलुकत होते. मागची डिकी उघडी होती आणि मागची सीट आडवी पाडलेली, सायकल मावेल अशी.

मी ब्रेक मारला. "मावशी, गाडी बंद पडली का?"

त्या स्टिअरिंगवर हात ठेवून समोर रस्त्याकडे बघत होत्या. माझ्याकडे वळून त्या हसल्या, अगदी नेहमीसारख्या.

"नाही गं. तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "मी न्यायला आलेय."