लाल की पिवळी

निर्णय घेता न येणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण निर्णय टाळण्यासाठी आमच्या साडूंइतकी मेहनत घेणारा माणूस दुसरा झाला नसेल. लोह्याच्या दोघी बहिणी. धाकटी मला नांदेडला दिली आणि थोरली त्यांना लातूरला. त्यामुळे आम्ही साडू. मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवतो. मराठीचा क्लास कुणी लावत नाही, म्हणून माझं आयुष्य तसं शांततेत गेलं. साडू लातूरला केमिस्ट्रीचे क्लास घेत. पहाटेपासून बॅचेस, बाहेर सायकलींचा ढीग, आणि आत माईकवरून साडूंचा आवाज: "चार पर्याय हायत. दोन तर बघताक्षणी खोटे दिसतात. उरलेल्या दोनांत घोळत बसलात की मेलात!" मराठवाड्यातली किती पोरं या एका वाक्यावर डॉक्टर झाली असतील ते देवाला ठाऊक. वाक्य सांगणारा माणूस मात्र उरलेल्या दोनांत जन्मभर घोळत बसला.

याचा पहिला पुरावा लग्नाआधीच मिळाला होता. मुलगी पाहायला ते लोह्याला तीनदा आले. मुलगी पसंत नाही असं नव्हतं. "एक-दोन शंका ऱ्हायल्यात," असं ते सासऱ्यांना अत्यंत नम्रपणे सांगत. तिसऱ्या खेपेला आमच्या मेव्हणीनं, म्हणजे ताईंनी, आतूनच निरोप पाठवला, "शंका कितीबी विचारू द्या, पण आता पोहे मी करणार न्हाई." साडूंना हे उत्तर बरोबर वाटलं असावं, कारण त्याच दिवशी सुपारी फुटली. पुढे घरात पंखा घ्यायचा झाला तरी त्यांनी दोन दुकानांतले दोन पंखे आठ-आठ दिवस लावून पाहिले. शर्ट शिवायला टाकला की दुसऱ्या शिंप्याचं मत घ्यायला पहिल्या शिंप्याची पावती घेऊन जात. एकदा उदगीरला डाळ आणायला गेले आणि दोन अडतींमध्ये मन अडकल्यानं हात हलवत परत आले. ताईंनी त्या रात्री पिठलं केलं आणि वाढताना एवढंच विचारलं, "पातळ की घट्ट? सकाळपर्यंत सांगा."

बोलण्याच्या बाबतीत मात्र त्यांना कसलीही अडचण नव्हती. ते कशावरही बोलत, आणि पन्नास मिनिटांच्या आत थांबत नसत. फक्त भूकंपावर बोलत नसत. औशापलीकडचं त्यांचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात पडलं, वडील गेले. तेव्हा ते एका कॉलेजात नवीन लागलेले होते. गावच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या पोरांना संध्याकाळी शिकवायला म्हणून त्यांनी एक फळा नेऊन टेकवला, आणि त्यातूनच पुढे क्लास उभा राहिला, हे मला ताईंनी सांगितलं. त्यांनी कधीच नाही.

तर अशा या माणसाच्या डोक्यात पन्नाशी गाठताना स्पोर्ट्स कार शिरली. झालं असं, की एक बिल्डर आपल्या मुलाच्या प्रवेशासाठी क्लासवर आला तो लालभडक, बुटक्या, दोन दारांच्या गाडीतून. गाडीचं छत मागे दुमडत होतं. बिचारा बाप मुलाचे दहावीचे मार्क सांगत होता आणि साडू खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ते सगळं ठीक हाय. ह्याचं छत कसं निघतं हो?" बिल्डरला ती गाडी काढायचीच होती. लातूरमध्ये त्याच्या इमारती जशा वाढल्या तसं त्याचं पोटही वाढलं होतं. गाडीत बसायला एक माणूस आणि उठवायला दोन माणसं लागत. आता दुसरा कुणी असता तर गाडी घेऊन मोकळा झाला असता. पण एकच पर्याय समोर असला की साडूंना श्वास कोंडल्यासारखं होई. त्यांनी पंधरा दिवसांत दुसरा पर्याय शोधून काढला. नांदेडच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे पिवळी गाडी होती. तिचं छत निघत नव्हतं, पण ती लालपेक्षा जोरात पळे. डॉक्टरांच्या पत्नीनं "ही गाडी राहील नाहीतर मी" असं सांगितल्यामुळे तीही विकायची होती. झालं! लाल लातूरला, पिवळी नांदेडला, आणि मधल्या रस्त्यावर आमचे साडू.

पाच महिने दर रविवारी ते एसटीनं आमच्याकडे येत. पिवळी बघत, जेवत, लालचं कौतुक करत आणि परत जात. लातूरला गेले की मला फोन, "मास्तर, आज पिवळीची लई आठवण येऊन राहिली." त्यांनी दोन्ही गाड्यांची शंभर मार्कांची परीक्षा घेतली. वेग, ब्रेक, उन्हात रंग टिकणं, डिकीत डाळीचं एक पोतं बसणं. चुकलं तर मार्क वजा. पिवळीला साडेएकाहत्तर पडले, लालला एकाहत्तर. अर्ध्या मार्कासाठी लालवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी पेपर फेरतपासणीला माझ्याकडे दिला. मी मराठीचा माणूस. मी 'दिसण्या'त दोघींना दोन-दोन मार्क वाढवून दिले. साडू आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचा एक जुना मिस्त्री होता, लातूरला गॅरेज असलेला. त्याला सगळे चाचा म्हणत. चाचांच्या आजोबांनी निजामाच्या अंमलात जीपा दुरुस्त केल्या होत्या, आणि चाचांना जीपेपेक्षा बुटकी कुठलीही गाडी हे माणसाच्या अब्रूला शोभत नाही असं वाटे. साडूंनी त्यांना दोन्ही गाड्या दाखवल्या. चाचांनी एक वीट घेतली, आधी लालखाली सरकवली, मग नांदेडला येऊन पिवळीखाली. दोन्हीकडे वीट अडकली. हात पुसत ते म्हणाले, "सर, गाड्या दोनी अच्छ्या हाय. पर अपना रस्ता इनकू पसंद नै करता."

एवढ्यानं साडू खचले नाहीत. हातात फूटपट्टी घेऊन ते लातूरपासून नांदेडपर्यंतचे स्पीड ब्रेकर मोजायला निघाले. मोजता मोजता अहमदपूरच्या पुढे एका हवालदारानं त्यांना हटकलं. रस्त्यावर पालथा पडलेला सुशिक्षित माणूस पाहून त्याला काय वाटलं असेल! पण साडूंनी तोंड वर केलं मात्र, हवालदार दोन पावलं मागे सरकला. "सर, तुमी? मी दोन हजारच्या बॅचचा. मागच्या बाकावर बसायचो." साडू तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "मग मेडिकलला का न्हाई गेलास?" आणि त्याला पट्टीचं दुसरं टोक धरायला लावलं.

पिवळीची मोठी चाचणी माझ्या नशिबी आली. डॉक्टरांनी एका रविवारी गाडी दिली आणि आम्ही दोघं लोह्याकडे निघालो. आत बसल्यावर माझे गुडघे माझ्या हनुवटीशी बोलू लागले. गाडी मात्र अशी सुटली, की मला माझ्या सर्व विद्यार्थ्यांचे चेहरे एकदम आठवले, नापास केलेल्यांचे जरा जास्तच. लोहा आलं, आणि स्टँडच्या अलीकडचा एक ब्रेकर पट्टीतून सुटलेला निघाला. गाडी त्यावर चढली आणि तिथेच बसली. पुढची चाकं इकडे, मागची तिकडे, आणि मध्ये आम्ही, तराजूत बसल्यासारखे. एसटीची वाट बघणारं सगळं स्टँड गोळा झालं. एक म्हातारी वाकून आत बघत म्हणाली, "आगं बया! एवढाली मान्सं, अन् अशी भुईला बसलीत?" सहा-सात जणांनी हात घातला. त्यातला एक म्हणाला, "सर, उतरा की, गाडी हलकी हुईल." तोही जुना विद्यार्थी निघाला. साडू उतरले नाहीत. आतूनच म्हणाले, "उतरलो तर वजन किती टक्के कमी हुईल, सांग." त्यानं सांगितलं. बरोबर होतं. मग साडूंसकट गाडी उचलण्यात आली.

या प्रकारानंतर तरी निकाल लागेल असं मला वाटलं होतं. पण परत गेल्यावर साडूंनी नवा तक्ता आखला, 'लोकांनी उचलण्यास सोपी कोणती?' तेव्हा मात्र दोन्ही मालक कंटाळले. डॉक्टरांनी रविवारपर्यंतची मुदत दिली, बिल्डरनंही तेच सांगितलं. त्या रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको लातूरला गेलो होतो. जेवणं झाल्यावर साडू दोन्ही तक्ते सतरंजीवर पसरून बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही सांगा. न्हाई तर चिठ्ठी टाकू."

ताई आतून हात पुसत आल्या. तक्त्यांकडे उभ्यानंच बघत म्हणाल्या, "अहो, हे सगळं लिवलंत. ह्या गाडीला सीटा किती?"

"दोन."

"एकावर तुमी. दुसऱ्यावर कोण?"

साडूंनी तक्त्याकडे पाहिलं. तिथे तो प्रश्न नव्हता.

"इतके दिवस झाले," ताई म्हणाल्या, "मास्तरांना इचारलं, चाचाला इचारलं, हवालदाराला इचारलं. लोह्याच्या स्टँडवर तर माझ्या माहेरच्या मान्सांनी तुमची गाडी उचलली. मला इचारलंत का कदी, तुला बसायचं हाय का म्हणून? वीस वर्सं मी सैपाकघरातून तुमची केमिस्ट्री ऐकली. आता त्या दुसऱ्या सीटवर बी डाळीचं पोतं ठिवा."

एवढं बोलून त्या आत गेल्या. माझी बायको त्यांच्यामागे गेली. मग साडूंनी तक्त्यांची घडी घातली, उठले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "बसून बघतीस का?"

ताईंनी साडी बदलली. आधी लालमध्ये बसल्या, छत उघडं टाकून, औशाच्या रस्त्यानं. मग संध्याकाळच्या आत सगळे जीप करून नांदेडला आलो, पिवळीत बसल्या. उतरल्या आणि एका क्षणात म्हणाल्या, "लाल."

"कशावरून?" साडू तक्त्याची घडी उलगडत म्हणाले. "पिवळीला अर्धा मार्क जास्त..."

"लालमधी वारं लई लागतं," ताई म्हणाल्या, "तुमचं बोलणं ऐकू येत न्हाई."

गाडी आली. आल्यावर लक्षात आलं, की ती चालवायला लातूर जिल्ह्यात जागाच नाही. शहरात क्लासच्या पोरांच्या सायकली, बाहेर खड्डे. मोकळा, सरळ, रुंद रस्ता साडूंना फक्त एकाच ठिकाणी आठवला, त्यांच्या गावी. भूकंपानंतर गाव उठवून लांब माळावर नवं वसवलं होतं. सरकारनं रस्ते आखले ते असे रुंद, की दोन बैलगाड्या शेजारी शेजारी धावाव्यात. घरं एकसारखी, ओळीत, दारावर नंबर. साडू तिथे फारसे जात नसत. त्या दिवशी मात्र ताईंना शेजारी घेऊन निघाले, आणि आम्ही दोघं मागून एसटीनं.

गावात त्यांची एकच जवळची उरली होती, चुलती. ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू. आम्ही पोचलो तेव्हा गाडीभोवती गाव जमलं होतं आणि म्हातारी लाल पत्र्यावरून हात फिरवत होती. "बैलाच्या पाठीवाणी गुळगुळीत हाय," ती म्हणाली. ताई उतरून बाजूला झाल्या आणि त्यांनीच तिला आपल्या जागी बसवलं. साडूंनी छत मागे टाकलं, गाडी सुरू केली आणि म्हणाले, "काकू, घट्ट धर. पळवतो आता."

"पळवू नगं," म्हातारी म्हणाली. "हळू घे. घरं बघू दे."

या गाडीचा वेग किती, हे पाच महिने तोंडपाठ म्हणणारा माणूस पहिल्या गिअरमध्ये चालला. आम्ही शेजारून पायी चाललो तरी पुढे जात होतो. म्हातारी बोट करून एकेका दाराकडे दाखवत होती. "हे गुरवाचं. हे कासाराचं. त्येच्या अंगाला शेख मास्तराचं, परसात डाळिंब हाय बग." मला काही कळेना. त्या घरांत भलतीच माणसं राहत होती आणि परसात डाळिंब कुठेच नव्हतं. माझ्या बायकोनं माझा हात दाबला. म्हातारी जुन्या गावातून चालली होती. साडू प्रत्येक नावाला "हाव" म्हणत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत.

चक्कर पुरी झाली. गाडी दारात थांबली. ताई म्हातारीला हात द्यायला पुढे झाल्या, तर ती तशीच बसून राहिली.

"आरं, खालची आळी ऱ्हायली की," ती म्हणाली.

नव्या गावाला खालची आळी नाही. जुन्यातली ती आधी पडली होती. साडूंचं घर तिच्यातच होतं, हे मला ताईंनी नंतर सांगितलं. मी काही बोलणार, तोवर साडूंनी गाडी वळवलीसुद्धा. रस्ता संपतो तिथवर ते गेले. पुढे नुसती तुरीची रानं होती. तिथे त्यांनी गाडी बंद केली. आम्ही लांब दारातच उभे होतो, त्यामुळे ऐकू काही येत नव्हतं. पण छत उघडं होतं, म्हणून म्हातारीचा हात दिसत होता. तो त्या रानात एकेका जागेवर थांबत होता, पुढे सरकत होता, परत थांबत होता. आणि प्रत्येक वेळी शेजारी बसलेलं साडूंचं डोकं हळूच हलत होतं.