आटे भायेरून अन् भोक मधात

सौंसरच्या बसस्टँडामागं देवीदासचं दुकान. संत्र्याच्या बगीच्यात पंप बसवनं हे त्याचं जुनं काम. वहिनी मंगला छिंदवाड्याहून रेडिओचं काम शिकून आली, तवापासून अँटेनाचंही सुरू झालं. बाई हुशार, पन नाकावर राग असा का माशी बसली तर भाजून निंगन.

शहाऐंशी सालची गोष्ट. मँगनीजच्या खदानीतले सुरेशबाबू आले अन् वायरलेसच्या केबलले लावाचे कनेक्टर टेबलावर आपटले. "सेटले लागूनच नाही राहिले हे. इकडंही आटे भायेरून, तिकडंही भायेरून. जुळन कसं?"

देवीदासनं मान खाजवली. "वहिनीनं नर सांगतले, बाबू. मी नागपूरहून नरच आनले."

"मंग बाईले पंपाचे वायसर मोजू द्या. हे काम आमी दुसरीकडं देतो."

झालं! चूक एकाची अन् खुर्ची चालली दुसऱ्याची. बाजूलेच बसलेल्या मंगलाची कानशिलं तापली. तिनं एक कनेक्टर उचलला.

"भाऊजी, याले नर काहून म्हनता तुमी?"

"आटे भायेरून आहेत ना. पाइपाचे आटे भायेरून तो नर, आतून ते मादी. सारं सौंसर हेच म्हनते."

"सारं सौंसर पानी सोडून राहिलं. यातून पानी नाही जात. मधात पाहा, सळी आहे का भोक?"

"भोक."

"मंग मादी. सेटलेही भोकच आहे. सळीवाला आनाचा होता. एकदा विचारलं असतं तर जीभ झिजली असती का?"

"चुकलं, वहिनी," तो पुटपुटला.

"मले नोका सांगू. बदनामी बाबूसमोर केली, कबूलही त्यायच्यासमोरच करा. अन् जरा मोठ्यानं. मोटर विकताना तर तुमचा आवाज बोरगावपर्यंत जाते."

देवीदासचे कान लाल झाले. "बाबू, चूक माही आहे. वहिनीनं बरोबर सांगतलं होतं."

"राहू द्या, वहिनी, इतकं काय त्यात," बाबू म्हनले.

"मले वायसर मोजाले बसवताना नाही वाटलं इतकं काय? काम कोनाकडं राहीन, ते सांगा."

"तुमच्याकडंच."

तरी तिचा राग उतरेना. "उद्या मीच जाते नागपूरले. जाड सळीचा अन् बारीक सळीचा, दोन्हीचे आटे सारखेच. तुमी बारीक आनसान, आटे बसतीन अन् सळी आत हालत राहीन."

"मंग उद्याचा डबा?" देवीदासच्या तोंडून निसटलं.

"तुमी करा. माहाही करा, अन् तुमच्या भावाचाही."