नावेच्या खाली जमा

१४ जुलै २०२२ रोजी आमच्या कॉलेजने ‘सर्वांसाठी सुलभ अभ्यासक्रम’ या कामाला २,८६,४०० रुपये मंजूर केले. त्यातून एक गुळगुळीत पुस्तिका निघाली, एक फलक लागला आणि समितीचं चहापाणी यथासांग झालं. बैठका तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलाला ‘सूचना लेखी पाठव’ असं कळवलं होतं.

काम केलं ते ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी. एकतीस वर्षं त्या माझ्या शेजारच्या टेबलावर आहेत. चष्म्याला दोरी, जिभेला धार.

दुसऱ्या वर्षाला एक अंध मुलगी होती. समितीप्रमुख म्हणजे आमचे अकाउंट्सचे प्राध्यापक. त्यांनी तिला नोट्स दिल्या, त्या पानांचे फोटो काढून! तिचा मोबाइल मजकूर वाचून दाखवतो. फोटो आला की मुका. बाईंनी पदरच्या पैशाने तिला हेडफोन आणले आणि जेवणाच्या सुट्टीत नोट्स टाइप करायला घेतल्या.

पहिलंच खातं ऐकून मुलगी हसली. "मावशी, हा एका दमात भाडं भरतो, माल विकतो. श्वास कधी घेतो?"

मोबाइल ओळ आडवी वाचत होता, डावीकडची नावे आणि उजवीकडची जमा एकत्र. बाईंनी जमेची बाजू उचलून नावेच्या खाली घेतली. खातं सुटलं.

परीक्षेत मुलीने कॉम्प्युटरवर तशीच उत्तरं लिहिली. मांडणी चुकली म्हणून प्राध्यापकांनी अठरा गुण कापले. मुलगी नापास. आता फीची सवलत जाणार, म्हणजे शिक्षणच थांबणार.

बाई समितीची पुस्तिका घेऊन प्राध्यापकांच्या केबिनमध्ये गेल्या. मला साक्षीला नेलं.

"बाई, खात्याच्या बाजू समोरासमोरच हव्यात."

"बेरीज जुळते ना, सर?"

"जुळण्याचा प्रश्न नाही."

"अकाउंट्समध्ये? मग पान नऊ वाचा. ‘मांडणी वेगळी म्हणून गुण कापू नयेत.’ खाली सही तुमचीच."

"हे कुणी घातलं?"

"तुम्ही दिलंत, मी टाइप केलं. सही करताना वाचलं नव्हतंत?"

गृहस्थांनी भीक घालावी तसे गुण परत दिले. पुढच्याच आठवड्यात व्यासपीठावरून स्वतःच्या संवेदनशीलतेची गोष्टही सांगितली. बाई मागे उभ्या होत्या.

मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. हेडफोनचं बिल समितीने ‘मंजूर बाबींत बसत नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं. बाईंचे ३४० रुपये कॉलेजकडून अजून येणे आहेत.